उंच खिडक्यांची उघडझांप

जुन्या दगडी इमारतींत शिरल्यावर मान वर करून पाहण्याची संवय पुष्कळांना असते. छत उंच असतें, भिंती जाड असतात, आणि भिंतीच्या माथ्याशीं, छताच्या किंचित् खालीं, कांचेच्या लहान खिडक्यांची एक रांग असते. त्या खिडक्या कोणीं तरी विचारपूर्वक ठेविलेल्या असतात. तथापि त्यांतील उघड्या किती, हें पाहूं गेल्यास बहुधा एकही उघडी सांपडत नाहीं. तावदानांवर धुळीचा थर, कोपऱ्यांत कबुतरांचीं घरटीं, एखाद्या झडपेस तुटक्या दोरीचा हातभर तुकडा लोंबत असलेला, आणि खालीं पंख्याच्या घरघरींत माणसें घाम पुसत बसलेलीं, असा देखावा अनेक गांवीं दृष्टीस पडतो. खिडकी आहे, परंतु तिच्यापर्यंत हात पोंचत नाहीं. आणि जिच्यापर्यंत हात पोंचत नाहीं, ती खिडकी व्यवहारांत भिंतच होय.

अशा खिडक्या जमिनीवर उभें राहून उघडतां याव्यात, यासाठीं आंकडीच्या साध्या काठीपासून तों दूरून चालणाऱ्या विजेच्या मोटरीपर्यंत नाना प्रकारचीं साधनें हल्लीं बाजारांत मिळतात. नव्या पद्धतीच्या घरांतून दोन मजले उंचीचे दिवाणखाने होऊं लागल्यापासून तर या साधनांची चौकशी घरोघर होऊं लागली आहे. त्यांतून निवड कोणत्या धोरणानें करावी, याचा विचार येथें करावयाचा आहे.

छतापाशीं वाट ठेवण्याची कल्पना परदेशांतून आलेली आहे असें नव्हे. देशावरील धाब्याच्या घरांत मातीच्या सपाट छपरास एक भोंक ठेवीत; त्यास सवणें म्हणतात. चुलीचा धूर त्यांतून बाहेर जाई आणि उजेडाचा कवडसा त्यांतून आंत येई. पावसाची सर आली म्हणजे घरांतील कोणी तरी लगबगीनें धाब्यावर चढून सवण्यावर झांकण ठेवी, व उघडीप होतांच तें काढी. म्हणजे सवण्याच्या उघडझांपीचा सर्व भार त्या काळींही एका माणसाच्या पायांवर होता. घरांत चपळ माणूस असे तोंपर्यंत हें निभावे.

लंडनच्या हाईड पार्कमध्यें १८५१ सालीं भरलेल्या जागतिक प्रदर्शनासाठीं जोसेफ पॅक्स्टन याच्या योजनेप्रमाणें लोखंड व कांच यांचा जो प्रचंड मंडप उभारला गेला, त्यांत हाच प्रश्न शेंकडों पटींनीं मोठा होऊन पुढें आला. मंडपाची लांबी १,८४८ फूट. उन्हानें आंतली हवा तापणार हें निश्चित. आणि ती बाहेर घालविण्याच्या झडपा माणसाच्या डोक्यावर कितीतरी उंच. प्रत्येक झडपेपाशीं माणूस चढविणें अशक्यच होतें. म्हणून पुष्कळशा झडपा दांड्यांनीं एकमेकींस जोडून त्या एकदम फिरविण्याची व्यवस्था करण्यांत आली. पुढें कांचगृहें, शाळा व रुग्णालयें यांतून दांडा, दंतचक्र आणि मूठ यांची अशीच जोडणी रूढ झाली. आजची मोटर ही त्याच मुठीच्या जागीं आलेली आहे. तत्त्व निराळें नाहीं.

आतां या खिडक्या इतक्या उंचावर कां ठेवितात, हें पाहूं. तापलेली हवा हलकी होऊन वर जाते, हें शाळेंतील मुलासही ठाऊक असतें. आपल्याकडील उष्णतामानांत हवा एक अंश सेंटिग्रेडनें तापली, कीं तिचें वजन सुमारें तीनशेंव्या भागानें घटतें. हा फरक दिसण्यांत क्षुल्लक खरा; परंतु खालीं दारावाटें थंड हवा येण्यास व वर खिडकीवाटें उष्ण हवा जाण्यास वाट मिळाली, म्हणजे सबंध दालन एखाद्या धुराड्यासारखें काम करूं लागतें. या दोन वाटांमधील उंचीचें अंतर चौपट केलें, तर प्रवाह दुप्पट होतो. समजा, दोहोंत १६ फुटांचें अंतर आहे आणि आंतली हवा बाहेरच्या हवेहून ३ अंशांनीं उष्ण आहे. अशा वेळीं वर एक चौरस मीटर व खालीं एक चौरस मीटर वाट मोकळी असली, तर गणितानें दर सेकंदास सुमारें ४०० लिटर हवा पालटते. करोनाच्या सांथींत, २०२१ सालीं, जागतिक आरोग्य संघटनेनें जें मार्गदर्शन प्रसिद्ध केलें, त्यांत शाळा-कचेऱ्यांसारख्या ठिकाणीं दर माणशीं सेकंदास १० लिटर ताजी हवा मिळावी असें सांगितलेलें आहे. म्हणजे वाऱ्याची झुळूक नसतां आणि विजेचा एक कणही न खर्चितां चाळीस माणसांच्या श्वासाची सोय झाली. मात्र वरची वाट बंद केली, कीं हें धुराडें बुजलेंच म्हणावयाचें.

हा केवळ गणिताचा खेळ नव्हे. पेरू देशांतील लिमा शहरीं ८ रुग्णालयांतील ७० खोल्यांची तपासणी करून कांहीं संशोधकांनीं २००७ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. क्षयाचा जंतु हवेंतून पसरतो. तेव्हां कोणत्या खोलींतील हवा किती जलद पालटते, हें त्यांस पाहावयाचें होतें. खोलींत कार्बन डायऑक्साइड वायु सोडून तो किती वेळांत नाहींसा होतो, हें त्यांनीं मोजलें. दारें-खिडक्या उघडलेल्या खोल्यांत हवा तासास साधारणतः २८ वेळां पालटत होती. यंत्रानें हवा खेळविलेल्या खास खोल्यांत ती १२ वेळांच पालटत होती. त्यांतही पन्नास वर्षांहून जुन्या, उंच छताच्या व मोठ्या खिडक्यांच्या इमारतींत हा आंकडा ४० वर गेला, तर नव्या धर्तीच्या खोल्यांत १७ वरच राहिला. जगांतील क्षयरोग्यांपैकीं सुमारें चौथा हिस्सा ज्या हिंदुस्थानांत आहे, त्या देशानें हे आंकडे ध्यानांत ठेवण्याजोगे आहेत. येथें एक शब्द विसरतां कामा नये. तो शब्द म्हणजे ‘उघडलेल्या’. उंच छत व मोठी खिडकी बांधून ठेवली आणि ती बंदच राहिली, तर जुन्या बांधणीचा गुण इमारतींत असूनही माणसाच्या छातीपर्यंत पोंचत नाहीं.

शिवाय ही खिडकी एकदां उघडून ठेवली म्हणजे काम संपलें, असेंही नाहीं. पुण्याकडे एप्रिल महिन्यांत दुपारचें उष्णतामान ३८ अंशांच्या आसपास जातें आणि पहांटे तें २० अंशांच्या आसपास उतरतें. जाड भिंतीचें घर अशा हवेंत गार ठेवावयाचें, तर रात्रीं वरच्या खिडक्या उघडून दिवसभरांत भिंतींनीं शोषलेली उष्णता घालवून द्यावी, आणि सकाळीं नऊच्या सुमारास त्या मिटून गारवा कोंडून ठेवावा. पावसाळ्यांत सरीगणिक मिटावें आणि उघडीप होतांच उघडावें. म्हणजे ज्या खिडकीस सर्वांत कमी हात लागतो, तिलाच सर्वांत अधिक वेळां हात लावण्याची गरज असते.

एखाद्या तालुक्याच्या गांवचें वाचनालय डोळ्यांपुढें आणावें. दालन १८ फूट उंच, आणि १५ फुटांवर सहा खिडक्या. पूर्वीं त्यांस दोऱ्या होत्या. त्या कुजून तुटल्या. आतां साठीच्या घरांत आलेला शिपाई टेबलावर स्टूल ठेवून त्यावर चढतो, आणि वाचक खालीं स्टुलाचे पाय धरून उभे राहतात. वर्षांतून दोनदां हा प्रसंग होतो व दोन्ही वेळां सर्वांचा जीव टांगणीस लागतो. त्या वयांत पडून खुब्याचें हाड मोडलें, तर पुष्कळदां माणूस पुन्हां पूर्वीसारखा चालूं शकत नाहीं. एक दिवस स्टूल कलतें, शिपाई कसाबसा सांवरला जातो, आणि दुसऱ्याच आठवड्यांत चिटणीस सभा बोलावितात.

सभेंत तीन मतें पडतात. एक सभासद म्हणतात, खिडक्या कायमच्या खिळवून टाका आणि भिंतीवर थंड हवेचें यंत्र बसवा. दुसरे म्हणतात, प्रत्येक खिडकीस मोटर लावा व ती खिशांतल्या फोनवरून चालवा. तिसरे सभासद मात्र एवढेंच विचारतात, ‘‘रोज सकाळ-संध्याकाळ त्या उघडणार कोण?’’ या प्रश्नानें सभेंत थोडा वेळ शांतता पसरते. कारण निवडीचें सारें मर्म त्यांत आलेलें असतें.

पहिल्या मताचें उत्तर सोपें आहे. भिंतीवरचें थंड हवेचें यंत्र बहुधा खोलींतील तीच हवा थंड करून पुन्हां फिरवितें. उकाडा जातो, पण चाळीस माणसांनीं टाकलेला श्वास तेथेंच राहतो. तेव्हां खिडक्या खिळवून टाकणें हा उपाय नव्हे. उरलीं दोन मतें. त्यांचा निवाडा करण्यापूर्वीं साधनांची ओळख करून घेणें अवश्य आहे.

सर्वांत साधें साधन म्हणजे टोंकास पितळी आंकडी बसविलेली काठी. झडपेच्या कडीला आंकडी अडकवावी, ढकलावें किंवा ओढावें, झालें. खिडकी दहा-अकरा फुटांपर्यंत असेल तर याहून स्वस्त व टिकाऊ साधन नाहीं. काठी आठ फुटांहून लांब झाली, कीं मात्र ती हातांत डोलूं लागते, आंकडी कडीस लागत नाहीं आणि पुष्कळदां कांचेसच लागते.

दुसरें साधन दोरीचें. मधोमध आंसावर फिरणारी झडप असली, तर तिच्या वरच्या व खालच्या भागांचा तोल सांभाळला जातो, आणि एक दोरी उघडण्यास व एक मिटण्यास पुरते. या झडपा हलक्या हातानें फिरतात. दोष दोन. दोरी उन्हापावसानें कुजते, म्हणून ती ठराविक काळानें बदलण्याची शिस्त पाहिजे. दुसरें असें, कीं लोंबत्या दोरीचा फांस लहान मुलाच्या गळ्यांत अडकण्याचें भय असतें. यास्तव दोरी गुंडाळण्याची खुंटी जमिनीपासून पांच फुटांच्या वर असावी आणि दोरी खालीं मोकळी सोडूं नये.

तिसरें साधन मळसूत्राचें. खालीं मूठ फिरवावी, दांड्यावाटे अथवा नळींतील पोलादी तारेवाटे ती गति वर जाते, आणि झडप हळूहळू उघडते. मळसूत्राचा मोठा गुण असा, कीं मुठीनें झडप हलते, पण झडपेनें मूठ हलत नाहीं. वावटळ आली तरी झडप जेथें ठेविली तेथेंच राहते, आपटून कांच फुटत नाहीं. एका दांड्यावर तीन-चार झडपा जोडतां येतात. वीज लागत नाहीं. वर्षास एकदां तेलपाणी केलें म्हणजे पुरे. शाळा, वाचनालय, देवळाचा सभामंडप यांसारख्या ठिकाणीं, जेथें एकदम अनेक खिडक्या उघडावयाच्या असतात, तेथें हें साधन फार उपयोगी आहे.

थंड देशांतील कांचगृहांत मेणाची एक नळी वापरतात. उष्णतेनें मेण फुगतें, दट्ट्या पुढें सरकतो व झडप आपोआप उघडते. गार झाल्यावर ती मिटते. युक्ति सुंदर आहे. परंतु आपल्या घरांस ती मानवणारी नव्हे. आपल्याला दुपारीं खिडकी मिटावयाची असते व रात्रीं उघडावयाची. मेणाचें वागणें बरोबर उलट. शिवाय ऊन कोणतें आणि पाऊस कोणता, हें मेणास कळत नाहीं.

आतां मोटरीकडे वळूं. या मोटरी बहुधा तीन जातींच्या असतात. एकींत लहानशा पेटींत साखळी गुंडाळलेली असते. ती बाहेर आली कीं एका बाजूस वांकत नाहीं, ताठ राहून झडपेस ढकलते. दुसरींत नळीसारखा दांडा मागेंपुढें होतो. तिसरींत दांतेरी पट्टी व दंतचक्र असतें. घरगुती खिडकीस साखळीची पेटी पुष्कळदां पुरते. जड आडव्या झडपेस दांडा किंवा दांतेरी पट्टी बरी.

मोटर निवडतांना पहिला हिशेब वजनाचा. कांच एक मिलिमीटर जाड व एक चौरस मीटर क्षेत्राची असली, तर तिचें वजन अडीच किलो भरतें. म्हणजे ५ मिलिमीटर जाडीचें तेवढेंच तावदान साडेबारा किलोंचें झालें. चौकटीसह १६ किलो धरूं. ही झडप छपरांत आडवी बसविलेली असेल व एका कडेस बिजागऱ्या असतील, तर दुसरी कड उचलण्यास निम्म्या वजनाचा, म्हणजे ८ किलोंचा जोर लागतो. मोटरीवर जोराचा आंकडा न्यूटनमध्यें लिहिलेला असतो. एका किलोस सुमारें दहा न्यूटन धरावे. म्हणजे येथें ८० न्यूटन झाले. तथापि वारा, गंज आणि जुन्या बिजागऱ्यांचा ताठरपणा यांसाठीं दुपटीहून अधिक जोराची मोटर घेणें शहाणपणाचें. उभ्या भिंतींतील वरून टांगलेल्या झडपेस आरंभीं थोडाच जोर लागतो. ती जितकी अधिक उघडावी तितका तो वाढत जातो. झडप चार फुटांहून रुंद असेल, तर एकाच ठिकाणीं ढकलल्यानें तिचे कोपरे नीट मिटत नाहींत. तेथें जोडीनें चालणाऱ्या दोन मोटरी लागतात.

दुसरा विचार खिडकीच्या जातीचा. आपल्याकडे हल्लीं सरकत्या अॅल्युमिनियमच्या खिडक्यांची चाल आहे. उंचावर ती सर्वांत गैरसोयीची. कारण एक तर ती निम्मीच उघडते, आणि ढकलणारी साखळी तिच्या उपयोगाची नाहीं. पावसाच्या मुलखांत उंच खिडकी वरून टांगलेली व बाहेर उघडणारी असावी. किंचित् उघडी असतांही ती छत्रीप्रमाणें पाणी बाहेर टाकते. आंतून गज किंवा डांसांची जाळी असेल, तर साधन बसविण्यापूर्वीं जाळी व झडप यांतील अंतर मोजावें. तेथें साखळीच्या पेटीस जागा नसल्यामुळें घेतलेला माल परत करण्याची पाळी येते. कोंकण किनाऱ्यावर खाऱ्या हवेनें साधें लोखंड लौकर गंजतें. तेथें गंज न चढणाऱ्या पोलादाची साखळी मागून घ्यावी.

तिसरा विचार विजेचा. पुष्कळ मोटरी २४ व्होल्टच्या मंद दाबावर चालतात, कांहीं थेट घरच्या २३० व्होल्टवर. मंद दाबाची मोटर ओल्या जागीं अधिक निर्धोक. मात्र तारेची लांबी वाढली कीं जाड तार लागते, नाहीं तर दाब वाटेंतच घटतो. खर्चाचें भय बाळगण्याचें कारण नाहीं. ३० वॅटची मोटर दिवसांतून दोनदां एकेक मिनिट चालली, तर एक युनिट वीज जळण्यास हजार दिवस लागतात. खरें भय आहे तें वीज नसतांनाचें. ज्यांनीं महाराष्ट्रांतील भारनियमनाचे दिवस काढले आहेत, त्यांस हें सांगावयास नको. वळवाचा पाऊस यावा, त्याच क्षणीं वीज जावी, आणि वर खिडकी आ वासून राहावी, हा प्रसंग घरांत एकदां आला म्हणजे मोटरीवरचा सारा विश्वास उडतो. म्हणून संचायक घट, म्हणजे बॅटरी, जोडलेली असावी. अगर हातानें मिटण्याची सोय त्याच यंत्रांत असावी. उन्हावर चालणाऱ्या मोटरीही मिळतात. छपरांतील झडपेस त्या चांगल्या, कारण तेथवर तार न्यावी लागत नाहीं.

पावसाची चाहूल घेणारी एक चकती मिळते. तिच्यावर धातूच्या बारीक रेघा असतात. थेंब पडून दोन रेघा जोडल्या गेल्या कीं मोटरीस आज्ञा होते व खिडकी मिटते. ही सोय खरोखरच कामाची. परंतु चकती वळचणीखालीं बसविली तर तिला पाऊस कळतच नाहीं. आणि धूळ व पक्ष्यांची घाण साचली तर कोरड्या दिवशींही ती पाऊस सांगते. यास्तव ती उघड्यावर, पण पुसतां येईल अशा जागीं असावी.

राहतां राहिला दूरून हुकूम सोडण्याचा प्रश्न. उंटावरून शेळ्या हांकणें ही आपल्याकडे निंदेची म्हण आहे. येथें तर खालीं बसून उंटावरच्या शेळीस हांकावयाचें असतें! हातांतील रिमोट कांहीं वेळां प्रकाशाच्या अदृश्य किरणांवर चालतो. मग तो खिडकीच्या समोर धरावा लागतो. कांहीं रेडिओलहरींवर चालतात; ज्या जातीच्या लहरींवरून हें भाषण कानांपर्यंत येत आहे, त्याच जातीच्या लहरी त्या. त्यांस भिंत आड आली तरी बहुधा अडत नाहीं. दोन्ही चांगले, पण रिमोट हा घरांतील चष्म्याचा धाकटा भाऊ होय. वापरण्यापेक्षां शोधण्यांतच अधिक वेळ जातो. म्हणून भिंतीवर साधें बटण अवश्य बसवावें. पाहुण्यालाही तें सांपडतें आणि त्यांतील घट संपत नाहीं. फोनवरून चालणारी योजना हौसेनें घ्यावी, पण ती एकमेव नसावी; कारण इंटरनेट बंद पडलें किंवा कारखानदारानें ती सेवा आटोपती घेतली, तर यंत्र धडधाकट असूनही मुकें होऊन बसतें.

आणखी एक गोष्ट विक्रेता सांगत नाहीं. खिडकी उंच म्हणून मोटर घेतली. पण मोटरही त्याच उंचीवर बसणार! ती बिघडली म्हणजे शिडी आलीच. म्हणून माल घेण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावे: हें दुरुस्त करणारा माणूस जिल्ह्यांत आहे काय? सुटे भाग किती वर्षें मिळतील? आणि अडथळा आला असतां, मुलाचा हात अथवा पक्षी मध्यें सांपडला असतां, मोटर आपोआप थांबते काय? तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर ‘नाहीं’ असें आलें, तर पुढें बोलणेंच थांबवावें.

आतां निवाडा. ज्या घरांत वृद्ध जोडपें राहतें, मुलें परगांवीं आहेत, आणि जिन्यावरील खिडकी बारा-पंधरा फुटांवर आहे, तेथें मोटर ही चैन नव्हे. त्या घरांत शिडी हीच सर्वांत महाग वस्तु आहे. तिची किंमत दुकानांत नव्हे, तर इस्पितळांत चुकवावी लागते. ज्या रुग्णालयांत क्षयाचे रोगी येतात, तेथें परिचारिकेच्या हाताशीं बटण असणें हितावह आहे. परंतु तेथें प्रत्येक झडपेस हातानें उघडण्याची सोय राखलीच पाहिजे. उलट, दहा फुटांवरील स्वयंपाकघराच्या झरोक्यास मोटर बसविणें म्हणजे चार आण्यांची कोंबडी व बारा आण्यांचा मसाला. तेथें आंकडीची काठी दाराआड उभी असावी, एवढेंच पुरे.

वाचनालयाच्या सभेनेंही अखेर असाच मार्ग काढावा. चार खिडक्या एका दांड्यावर जोडून त्यांची मूठ चिटणिसांच्या टेबलाजवळ आणावी. पुस्तकांच्या कपाटांवरील ज्या दोन खिडक्यांतून पावसाचा मारा आंत येतो, त्या दोहोंस मात्र मोटर, बॅटरी व पावसाची चकती द्यावी. कारण रात्रीं सर आली तर तेथें मूठ फिरविण्यास कोणी नसतें, आणि भिजलेलें पुस्तक पुन्हां पहिल्यासारखें होत नाहीं. शेवटीं मुठीजवळ एक पाटी लावावी: सकाळीं कोणीं उघडावयाच्या, संध्याकाळीं कोणीं मिटावयाच्या, आणि तेल कोणत्या महिन्यांत घालावयाचें. ही पाटी फुकट मिळते. पण तिच्यावांचून वरचें सर्व साहित्य पुन्हां तुटक्या दोरीच्याच वाटेनें जाईल.

श्रोतेहो, साधन कोणतें घ्यावें, याचें उत्तर खिडकीच्या उंचींत निम्मेंच आहे. उरलेलें निम्में, ती उघडणाऱ्या माणसाच्या वयांत, बळांत आणि रोजच्या संवयींत आहे. जें साधन त्या घरांतील सर्वांत अशक्त माणसास वीज नसतांही वापरतां येईल, तें उत्तम. आज रात्रीं घरांतील दिवे मालविण्यापूर्वीं प्रत्येकानें एकवार मान वर करून पाहावें. वर खिडकी असेल आणि ती कित्येक वर्षांत उघडली नसेल, तर उद्यां शिडीवर न चढतां प्रथम तिची उंची मोजावी, आणि मग ती रोज उघडणार कोण, हा प्रश्न घरांत विचारावा.